पाणी एकाकडे, जमीन दुसऱ्याकडे. गावानं दाद मागायची कुणाकडं?

चाकण : आळंदीत इंद्रायणी फेसाळली की प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं बोट दाखवलं जातं. पण एमआयडीसीबाहेरच्या गावांच्या जमिनीचं नियोजन २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पीएमआरडीएकडं आहे. गोदाम, सोसायटी आधी उभी राहते. सांडपाणी कुठं सोडणार, हे नंतर.

महानगर नियोजन समितीचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवक आणि पंचायतींच्या अध्यक्षांमधून निवडावेत, असं राज्यघटना सांगते. मात्र जागा लोकसंख्येच्या प्रमाणात मिळतात. म्हणजे शहराचं पारडं जड.

२०२१ चा प्रारूप विकास आराखडा २०२५ मध्ये रद्द झाला. नवा आला की हरकतींची मुदत चुकवू नका. ग्रामसभेत ठराव करून एकच विचारा : आधी सांडपाण्याची सोय, की आधी बांधकाम परवानगी?