ग्राहकाचा नकार कुणाच्या यादीत?

मुळशीत प्लॉट घ्या, असे सांगणारे फोन पुण्यात कुणाला नवे नाहीत. माझे म्हणणे एवढेच, की ग्राहकाने एकदा ‘नको’ म्हटले की ते पाळले गेले पाहिजे.

सोय आहे. ‘ट्राय’च्या २०१८ च्या नियमांनुसार १९०९ वर फोन करून सगळ्या जाहिराती बंद करता येतात, किंवा बँक, घर-जमीन, शिक्षण अशा निवडक विषयांच्या. मात्र एखाद्या कंपनीला आपण वेगळी संमती दिली असेल, तर तिचे संदेश येत राहतात. ती संमती बहुधा इंग्रजी अर्जावर न वाचता केलेली खूण असते.

ही नोंद कंपनीच्या संगणकात राहते. ग्राहकाचा नंबर दिला की फोन, एसएमएस, ईमेल यांपैकी कशाला होकार आहे, हे वेब सर्व्हिस सांगते. पण महिन्यापूर्वी उतरवलेली यादी वापरली, किंवा रिकामा रकाना होकार धरला, की ग्राहकाचा नकार बुडाला.

हिंजवडी याच मुळशी तालुक्यात आहे. आपल्यातले कितीतरी तरुण तिथे हीच कामे करतात. मित्रांनो, प्रत्येक मोहिमेआधी ताजी पसंती मागवा. उत्तर मिळाले नाही तर नकार समजा.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचे तत्त्व आहे, की संमती मागे घेणे देण्याइतकेच सोपे हवे. संमतीची विनंती मराठीत आणि उर्दूतही वाचता यावी, असेही तो सांगतो. तेवढी मागणी तरी आपण करू या. आणि आज घरी अम्मी-अब्बूंच्या फोनवरून १९०९ लावून द्या.