दहावा नंबर

परीक्षेचा निकाल लागला कीं आमच्या घरांतून पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कितवा नंबर आला ?" पहिल्या नंबराचे पेढे शेजारींपाजारीं जातात, दहाव्याचें कोणी नांवहि काढीत नाहीं. या हिशेबाच्या वडीलधाऱ्यांनीं ललिता बाबर यांची हकीकत अवश्य वाचावी.

बारामती तालुक्यांतील सांगवीहून दक्षिणेस नीरा ओलांडली कीं फलटण लागतें आणि त्यापुढें माण तालुका. इकडे कालव्याच्या पाण्यावरचा ऊंस, तिकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा दुष्काळ. त्या माणांतील मोही गांवीं १९८९ सालीं ललिताबाईंचा जन्म झाला. मुंबईच्या मॅराथॉन शर्यतींत २०१२, २०१३ व २०१४ अशीं लागोपाठ तीन वर्षें भारतीय स्त्रियांत त्या पहिल्या आल्या. तेथेंच स्वस्थ राहून त्यांना नांव मिळवितां आलें असतें. परंतु त्यांनीं तीन हजार मीटरांची अडथळ्यांची शर्यत, म्हणजे स्टीपलचेस, पत्करली. हिच्यांत अठ्ठावीस वेळां अडथळा व सात वेळां पाण्याचा खड्डा ओलांडावयाचा असतो, आणि वेग मॅराथॉनहून पुष्कळ अधिक ठेवावा लागतो. नव्यानें धडा गिरवावा तसेंच हें होतें.

२०१४ च्या आशियाई खेळांत त्यांना कांस्यपदक मिळालें. २०१५ च्या आशियाई मैदानी स्पर्धेंत सुवर्णपदक. पुढें २०१६ सालीं रिओ येथील ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरींत ९ मिनिटें १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून त्या अंतिम फेरींत पोंचल्या. धांवण्याच्या वैयक्तिक शर्यतींत हा मान १९८४ सालच्या पी. टी. उषा यांच्यानंतर भारतीय स्त्रीला प्रथमच लाभला. अंतिम फेरींत त्यांचा नंबर आला दहावा.

पुढें शर्यती सोडून त्या राज्याच्या महसूल खात्यांत अधिकारी झाल्या. त्यांचा विक्रम २०२३ सालीं पारुल चौधरी यांनीं मोडला. आम्हांस यांत खंत करण्यासारखें कांहीं दिसत नाहीं; एकीनें वाट मळली म्हणूनच दुसरीचें पाऊल पुढें पडलें.

मुंबईचे तीन पहिले नंबर आणि रिओचा एक दहावा, यांत मोठा कोणता, हें सुज्ञ वाचकांस सांगावयास नको. ज्या घरीं केवळ पहिल्या नंबराचेंच कौतुक होतें, तेथील मुलें, आणि विशेषतः मुली, हमखास जिंकतां येईल तेवढ्याच शर्यतींत उतरावयास शिकतात. मुलांना नंबर जरूर विचारावा. पण त्याआधीं शर्यत कोणती होती, तें विचारावें.