रिमांडच्या आधीचे दोन तास

अटकेची कारणे लेखी द्यायची, आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची आणि रिमांडसाठी दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करण्याच्या किमान दोन तास आधी ती त्याच्या हातात पडलेली असायची. ‘मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या वरळीच्या मोटार अपघातातून निघालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ रोजी हा दंडक घालून दिला. मनी लाँडरिंगच्या अटकेत ‘पंकज बन्सल’ने (२०२३) आणि यूएपीएच्या अटकेत ‘प्रबीर पुरकायस्थ’ने (२०२४) जे बंधन आणले, ते आता साध्या मारामारीच्या गुन्ह्यालाही लागू झाले. निकालाची पीडीएफ वकिलांच्या ग्रुपांवर भराभर फिरली. रिमांडच्या टेबलाशी मात्र फारसे काही बदललेले दिसत नाही, आणि याला एकटे पोलीस जबाबदार नाहीत.

आधी तो कागद निरखून पाहू. बऱ्याचदा तो टाइप करून तयारच असतो. वर गु.र.नं. आणि कलमांसाठी मोकळी जागा. मध्ये ‘सदर आरोपीने पुन्हा गुन्हा करू नये, साक्षीदारांवर दबाव आणू नये, पुरावा नष्ट करू नये व गुन्ह्याचा सखोल तपास व्हावा याकरिता अटक आवश्यक’ हे ठरलेले वाक्य. तळाशी ‘मजकूर वाचून दाखवला, समजला’, आणि त्याखाली अंगठा. नाव खोडून दुसरे घातले तरी चालावे असा हा कागद. ‘पुरकायस्थ’ निकालाने फरक केला आहे तो इथेच. कोणत्याही आरोपीला लावता येतील अशा या सबबी वेगळ्या आणि याच माणसाला का धरले, त्याने नेमके काय केल्याचा आरोप आहे, हे सांगणारी कारणे वेगळी. संविधानाला दुसरी हवी आहेत, कारण कोठडीला विरोध त्यांच्याच आधारे करता येतो. आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. कागदावर तारीख असते, वेळ नसते. मग दोन तास मोजायचे कुठून?

शिवाय दोन तास हा नियमच नव्हे, ती शेवटची मर्यादा आहे. अटकेच्या वेळी किंवा त्यानंतर लगेच लेखी कारणे द्यायची, हा नियम. ते खरोखरच शक्य नसेल तेव्हा तोंडी सांगायचे आणि लेखी प्रत वाजवी वेळात द्यायची. हा वाजवी वेळ कितीही ताणला तरी हजर करण्याच्या दोन तास अलीकडेच संपतो. आदल्या संध्याकाळी अटक झालेल्याला दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला कागद देऊन अडीचला हजर केले, तर ‘दोन तास भरले’ एवढ्यावर आपण गप्प बसायचे कारण नाही. रात्रभर लेखी का देता आले नाही, हे तपासी अंमलदारांना विचारलेच पाहिजे.

भाषेचा मुद्दा महाराष्ट्राला जुना आहे. १९६२ च्या ‘हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ प्रकरणात नागपूरच्या स्थानबद्धाला आदेश आणि कारणे इंग्रजीत दिली होती. त्याला हिंदीच येत होती. इंग्रजी ही राज्यकारभाराची भाषा आहे आणि पोलीस अधिकाऱ्याने तोंडी समजावले आहे, हा सरकारचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने मानला नाही. २०१८ मध्ये आरसा उलटा फिरला. गौतम नवलखा यांच्या अटकेसाठी पुणे पोलिसांनी दिल्लीत नेलेली कागदपत्रे मराठीत होती. त्यांतला मजकूर कळल्याशिवाय दंडाधिकाऱ्यांनी विचारपूर्वक ट्रान्झिट रिमांड दिला असे म्हणता येत नाही, असे सांगून दिल्ली उच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१८ रोजी तो आदेश रद्द केला. दिल्लीत मराठी परकी, हे आपल्याला चटकन पटते. मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्याला, भामरागडच्या माडियाला, धडगावच्या पावऱ्याला, भिवंडीच्या लूमवर काम करणाऱ्या ओडिया मजुराला ठाण्यातली मराठी कितपत आपली वाटते, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. ‘हिंदी सगळ्यांनाच येते’ हे पोलिसांचे गृहीतक आपणही बिनबोभाट चालवून घेतो.

कारणे कळवण्याचा हा हक्क देणारा अनुच्छेद २२ मुळात संविधानाच्या मसुद्यात नव्हता. ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ एवढ्यावरच व्यक्तिस्वातंत्र्य सोपवल्याने घटना समितीत नाराजी होती. तिची काही प्रमाणात भरपाई म्हणून डॉ. आंबेडकरांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी ‘१५ अ’ हे नवे कलम मांडले. कारणे कळवणे, पसंतीचा वकील, चोवीस तासांत दंडाधिकारी या तिन्ही गोष्टी तिथून आल्या. पुढच्याच उपकलमांत प्रतिबंधक स्थानबद्धतेला वाट ठेवली म्हणून त्यांच्यावर टीका झाली, आणि ती अगदीच अस्थानी नव्हती.

आता आपल्याविषयी, म्हणजे वकिलांविषयी. पहिल्या रिमांडला आपला सगळा जीव पोलीस कोठडीचे दिवस कमी करण्यात अडकलेला असतो. पाच मागितले, दोन मिळाले, की आपण खूश. न्यायालयीन कोठडी (एमसीआर) झाली की त्याच दिवशी जामीन अर्ज. अटकच बेकायदा आहे हा मुद्दा सुचतो तो सत्र न्यायालयात अर्ज फेटाळला गेल्यावर, आणि मग वरचे न्यायालय विचारते: पहिल्या रिमांडला हे सांगितले होते का? रोजनाम्यात एक ओळ नसते. ऑगस्ट २०२५ च्या ‘कर्नाटक राज्य विरुद्ध दर्शन’ निकालाने, लेखी कारणे न मिळाल्याने आरोपीचे प्रत्यक्ष नुकसान दिसत नसेल तर तेवढ्यावर जामीन नाही, अशी भूमिका घेतली होती. सरकारी वकील तो निकाल पुढे करणारच. त्यावर ‘शहा’ निकालाबरोबर ‘विहान कुमार विरुद्ध हरियाणा राज्य’ हा ७ फेब्रुवारी २०२५ चा निकालही जवळ असू द्यावा. तो सांगतो: कारणे कळवल्याचे सिद्ध करायची जबाबदारी पोलिसांची. रिमांड देणाऱ्या दंडाधिकाऱ्यांनी ते तपासायचे. दोषारोपपत्र आले म्हणून बेकायदा अटक कायदेशीर होत नाही. जामिनावर कायद्याचे निर्बंध असले तरी या उल्लंघनापुढे ते आड येत नाहीत. त्या आरोपीला रोहतकच्या रुग्णालयात बेड्या घालून खाटेला साखळीने बांधले होते, हेही निकालपत्रात नोंदलेले आहे.

लोकअभिरक्षक कार्यालयातल्या मित्रांवर याचा भार अधिक. ज्याचा वकील कोणीच नाही त्याचा कागद पहिल्यांदा वाचणारे तेच. पहिल्या हजेरीलाच वकील मिळण्याचा हक्क ‘अजमल कसाब’ निकालाने २०१२ मध्ये पुन्हा ठामपणे सांगितला. पण वकिलाला फाइल दंडाधिकाऱ्यांसमोर उभे राहिल्यावर मिळत असेल तर त्या हक्कातून अशिलाच्या पदरात काय पडते?

गंभीर गुन्ह्यातले आरोपी एका कागदापायी सुटतील, अशी कुरकूर ऐकू येते. ‘शहा’ निकालानेच त्याची सोय केली आहे. आधी लेखी कारणे द्यायची, उशीर का झाला ते सांगायचे आणि गरज पटवून कोठडीसाठी नव्याने अर्ज करायचा. तो शक्यतो आठवड्यात निकाली काढायचा. तपास बुडत नाही. दुसरीकडे, जिथे प्रत वेळेत आणि नीट दिली आहे तिथे आपणही हा मुद्दा ओढूनताणून आणू नये. चार पोकळ हरकतींमुळे पाचवी खरी हरकतही हसण्यावारी जाते.

या अंकात पान ३४ वर पहिल्या रिमांडच्या वेळी द्यायच्या अर्जाचा मसुदा छापला आहे. कारणांची प्रत कोणत्या भाषेत, किती वाजता, कोणाच्या हाती दिली याची नोंद रोजनाम्यात घेण्याची विनंती त्यात पहिल्याच परिच्छेदात आहे. कोरकू, गोंडी, माडिया, भिली, ओडिया किंवा तेलुगू येणारे कोणी आपल्या वकीलसंघात असतील तर त्यांची यादी करून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला द्यावी आणि एक प्रत आमच्याकडे पाठवावी.