विमान उडवायचं, पण परिमाणात



आमच्या घरात गेले तीन महिने एकाच विषयावर चर्चा चालली होती, ती म्हणजे संगणक. लेक अकरावीत आहे, वैमानिक व्हायचं म्हणते. घरी बसून विमान चालवण्याचा सराव करता येईल, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर चालेल, असा संगणक तिला हवा होता. हिशेब मांडला तर हातात ६०,००० रुपये निघत होते. त्याच्या वर गेलो असतो तर सासूबाईंच्या शिखरजी यात्रेसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लागला असता.

हा विषय इथे कशाला, असं वाटेल. माझं मत असं की परिग्रह-परिमाण व्रताची परीक्षा सोन्याच्या दुकानात होत नाही. तिथे आपल्याला भाव कळतो, घडणावळ कळते, नको म्हणता येतं. परीक्षा होते ती जिथे आपल्याला वस्तूतलं काहीच कळत नाही आणि समोरचा "थोडंच जास्त होईल, ताई" म्हणत राहतो तिथे.

आम्ही दोघी भाईंदरहून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात गेलो. रक्कम आधीच सांगितली. हातात कागद आला तो १,१०,००० रुपयांचा. काचेचं कॅबिनेट, रंगीत दिवे, पाण्याने प्रोसेसर थंड ठेवणारी यंत्रणा. "याच्या खालचं घेतलंत तर विमान चालणारच नाही." लेकीचा चेहरा उतरला. मी कागद पर्समध्ये घातला आणि आम्ही परतीची गाडी धरली.

घरी बसून वाचल्यावर कळलं, ते खरं नव्हतं. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ साठी कंपनीनेच तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. रॅम किमान १६ जीबी, शिफारस ३२ जीबी आणि आदर्श ६४ जीबी. तो 'आदर्श' शब्द वाचून मला हसू आलं. पुढच्या वर्षी आदर्श आणखी वर सरकलेला असेल. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तू अशी नाही, मूर्च्छा म्हणजे आसक्ती अशी केली आहे. ती मला इतकी स्पष्ट कधी कळली नव्हती.

मग मी लेकीला एक अट घातली. आधी दोन महिने घरातल्या जुन्या लॅपटॉपवर फ्लाइटगिअर चालव. ते फुकट मिळतं. चित्र साधं, लॅपटॉप मध्येच अडखळायचा, पण सेसना विमान उडतं. ती टिकली. रोज अर्धा तास, वहीत नोंदी करून. हौस खरी आहे हे पटलं, तेव्हाच पैसे काढले.

पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, हे आता सांगते. यात प्रोसेसरला कोअर किती यापेक्षा एकेका कोअरचा वेग महत्त्वाचा असतो, म्हणून सहा कोअरचा रायझन ५ ५६०० पुरला. ग्राफिक्स कार्ड ओळखीतून वापरलेलं घेतलं, १२ जीबीचं आरटीएक्स ३०६०, समोर तासभर चालवून बघून. रॅम १६ जीबी, दोन पट्ट्यांत, आणि बोर्डावर दोन जागा रिकाम्या ठेवल्या. पुढे गरज पडली तर भर घालू. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी. पॉवर सप्लायमध्ये मात्र काटकसर केली नाही, कारण तो बिघडला तर बाकीचे भागही जाऊ शकतात. दिवे नाहीत, काच नाही. पडदा ह्यांचा जुनाच, १०८० पिक्सेलचा. ४के पडद्यावर चौपट ठिपके रंगवावे लागतात, म्हणजे कार्डही तेवढंच महाग. शिवाय प्रवासी विमानाला सेकंदाला तीसेक चित्रं पुरतात. धावपळीच्या खेळांसारखी घाई इथे नसते. साधी जॉयस्टिक धरून सगळं ६०,००० च्या आत बसलं.

लढाऊ विमानांचे खेळ घ्यायचे नाहीत, हे आधीच ठरलं होतं. पडद्यावरचा का होईना, बॉम्ब टाकताना मनात जे उठतं ते भावहिंसेत येतं असं मी मानते. लेकीने वाद घातला नाही. तिला विमान उतरवायला शिकायचं आहे.

सासूबाईंचा प्रश्न वेगळा होता. "मुनी महाराज जन्मभर पायी विहार करतात, आणि आपल्या घरात विमान?" मी म्हटलं, आई, त्यांची महाव्रतं आहेत, आपली अणुव्रतं. आपल्याला सोडायला नाही, मर्यादा घालायला सांगितलंय. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मग मर्यादा वेळेचीही घाल." ते बरोबर होतं. आता नियम असा आहे की सूर्यास्ताआधी जेवण झाल्याशिवाय संगणक सुरू होत नाही.

एक गोष्ट लेकीलाही सांगितली आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं, आणि घरच्या संगणकावरचा एकही तास त्यात धरत नाहीत. म्हणजे हा संगणक तिला वैमानिक करणार नाही. आवड पारखायला तो आहे, आणि तेवढ्यासाठी एक लाख दहा हजारांची गरज नव्हती.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलांसाठी असं काही घ्यायला निघालात तर आकडा घरीच, कागदावर लिहून निघा. दुकानात ठरवलेली मर्यादा दुकानदाराची असते. आणि मुलांना "आपल्याला हे नको" असं सरसकट सांगू नका. किती हवं, हे त्यांच्यासोबत बसून मोजा. माझ्या लेकीने त्या तीन महिन्यांत परिमाण हा शब्द पाठशाळेत शिकली त्याहून जास्त शिकला असं मला वाटतं.

शिखरजीची तिकिटं काढली आहेत. जय जिनेंद्र.