दिवसाची झडती

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या तलमडुगूकडील घरांत मजुरीची वही रोज उघडते. कोणी किती किलो वेचले, हे निजण्यापूर्वी लिहिले जाते. आत्म्याचा हिशेब मात्र पापनिवेदनाच्या दिवसापर्यंत तुंबून राहतो!

संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथास पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली मान्यता दिली. त्यांत एकच दोष निवडून त्याची झडती घेण्याची रीत सांगितली आहे. सर्व दोषांवर एकदम चाल करून जाणारा बहुधा एकही जिंकीत नाही, असे आम्ही पाहत आलो आहोत. सकाळी निश्चय करावा; दुपारच्या व रात्रीच्या जेवणानंतर, आपण किती वेळां घसरलो ते आठवून रेघेवर तितके ठिपके द्यावेत; कालची रेघ आजच्या रेघेशी ताडून पाहावी. घसरतांक्षणीच छातीवर हात ठेवावा. चारचौघांतही ते कोणाच्या ध्यानी येत नाही. (ही युक्ती आम्हांस फार आवडते.)

प्रिय वाचकहो, दोष निवडतांना सोपा निवडू नका. वेचणाऱ्या बाईच्या गाठोड्याचे वजन करतांना एखादा किलो आपल्याकडे ओढला गेला असेल, तर पहिला ठिपका तेथेच पडावा. आणि उद्या सकाळी तो किलो तिच्या नावावर मांडून तिची मजुरी तिच्या हातीं द्यावी.