पाटीवरचे नाव आणि पटावरचे नाव



परीक्षांचे निकाल लागले की रविवारी मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या पटांगणात मंडळींची बोलणी एकाच विषयाकडे वळतात : मुलांना आता पुढे काय शिकवावे? गेल्या आठवड्यात एक शेतकरी पिता आपल्या मुलीसह मला तेथेच भेटले. मुलीचा हात चित्रकलेत चांगला, गणितही उत्तम. तिला वास्तुविशारद व्हावयाचे आहे. मान्यताप्राप्त महाविद्यालयात प्रवेश मिळण्याइतके गुण प्रवेश-चाचणीत पडले नाहीत. म्हणजे एक वर्ष थांबणे आले. तोच दुसऱ्या एका संस्थेचा माणूस घरी येऊन सांगून गेला, "मान्यतेचे पत्र येणारच आहे, पहिला हप्ता भरा, जागा तुमची." त्या हप्त्यासाठी काजूची बाग गहाण ठेवावी काय, असे ते विचारीत होते.

मी त्यांना जे सांगितले ते सर्वच पालकांच्या उपयोगी पडेल, म्हणून येथे लिहितो.

कित्येक धंद्यांत पदवी कोठली हे कोणी फारसे विचारीत नाही. हातात कसब असले म्हणजे झाले. वास्तुविशारदाचे तसे नाही. आपल्या देशात १९७२ सालचा वास्तुविशारद कायदा आहे. त्या कायद्याने कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर ही परिषद स्थापन झाली. जी पदवी कायद्याने मान्य केली आहे, तीच घेतलेल्यांची नावे परिषदेच्या पटावर चढतात. आणि ज्याचे नाव त्या पटावर आहे, त्यानेच स्वतःस 'आर्किटेक्ट' म्हणवून घ्यावे, असा निर्बंध आहे. तो मोडणाऱ्यास पहिल्या खेपेस पाचशे रुपयांपर्यंत दंड, आणि पुन्हा मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

यावर संस्थांचे लोक एक युक्तिवाद करतात : "नाव लावता आले नाही तरी काम करता येते ना?" त्यात अर्धे सत्य आहे. १७ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निवाडा दिला की, हा कायदा नावास बंदी करतो, आराखडे काढण्याच्या कामास नव्हे. परंतु त्याच निवाड्यात न्यायालयाने असेही बजावले की, मान्य पदवी नसलेल्यास 'आर्किटेक्ट' हे नाव असलेल्या पदावर नेमता येणार नाही. पाच वर्षे शिकून, घरदार गहाण ठेवून, शेवटी दारावर पाटी लावता येऊ नये! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी गत व्हावयाची.

म्हणून पैसा देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. पहिला : या महाविद्यालयाच्या याच अभ्यासक्रमास परिषदेची मान्यता आहे काय? विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे एवढ्याने भागत नाही. तंत्रशिक्षण परिषदेचे पत्र दाखविले तरी तेवढ्यावर विसंबू नये. वास्तुकलेच्या शिक्षणापुरता दोन परिषदांत विरोध आल्यास कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचाच शब्द वरचढ, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ठरविले आहे. दुसरा : ती मान्यता यंदाच्या वर्षासाठी आहे काय, आणि किती जागांसाठी? तिसरा : प्रवेश-चाचणीवाचून प्रवेश देऊ म्हणतात काय? तसे म्हणत असतील तर तेथूनच मागे फिरावे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे संस्थेच्या माहितीपत्रकात शोधू नयेत. परिषद आपली यादी संकेतस्थळावर प्रसिद्ध करीत असते. घरातील कोणीही मुलगा मोबाइलवर ती काढून दाखवील.

याचा अर्थ दुसरा मार्गच हलका, असा नव्हे. आराखडे रेखाटणाऱ्याची पदविका घेऊन कित्येक तरुण वास्तुविशारदांच्या कचेरीत सन्मानाने काम करतात. तेथे काय मिळणार व काय मिळणार नाही, हे आधीच ठाऊक असते. फसवणूक आहे ती एक सांगून दुसरे देण्यात.

हे सारे ऐकून ती मुलगी म्हणाली, "पण काका, माझं एक वर्ष फुकट जाईल की!"

मी म्हटले, "बाळ, ते एक वर्ष पुढची पाच राखील. चाचणी पुन्हा देता येते. गेलेली पाच वर्षे पुन्हा मिळत नाहीत. तोवर रेखाटनाचा सराव कर. आपल्या गावची जुनी घरे पाहा. कौलांचा उतार किती ठेवला आहे, पावसाचे पाणी कोठून काढून दिले आहे, हे वहीत उतरव. हाही अभ्यासच आहे."

ती काही बोलली नाही. वडील मात्र म्हणाले, "त्या माणसाला आधी ते पत्र दाखवायला सांगतो. पत्र नाही, तर हप्ताही नाही." पालकहो, हा हिशेब सर्वांनीच मनाशी बाळगावा.