निदान एवढं तरी!

'हुशार आहे, पण धांदरट. वर्गात लक्ष नसते.' हा शेरा माझ्या प्रगतिपुस्तकात पहिल्यांदा आला तो तिसरीत. चौथीत तोच, पाचवीतही तोच. बाई बदलल्या, गुरुजी बदलले, शाळा बदलली, शेरा काही बदलला नाही. घरी सगळे हसायचे, मीही हसायचे. इंजिनिअरिंगला आले आणि हसणं बंद झालं.

आता तुम्ही म्हणाल, धांदरट कोण नाही? सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खं हॉस्टेल जागं असतं, जर्नल प्रत्येकाचं हरवतं. खरं आहे. पण एम-थ्रीच्या पेपरात मी एक गणित मागच्या पानावर कच्चं पूर्ण सोडवलं, उत्तरही बरोबर आलं, आणि ते पुढे उतरवायचंच राहिलं. केटी लागली. फॉर्म भरायची शेवटची तारीख भिंतीवर खडूने लिहून ठेवली होती, तरी लेट फी भरली. ती भिंत मी रोज बघत होते, बरं का! "मन लावून कर" असं सगळे सांगतात. मन कुठे लावायचं ते कळतं हो, ते तिथे राहत नाही.

दुसऱ्या वर्षाला आमच्या एका मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, आता बोलणी खायची. त्या म्हणाल्या, "तू आळशी नाहीस. एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखव." तिथून पुढे 'एडीएचडी' ही चार अक्षरं कागदावर यायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांबद्दलच मला बोलायचं आहे.

एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. आपल्याला वाटतं, हे लहान मुलांचं, तेही वर्गात उड्या मारणाऱ्या मुलांचं दुखणं. पण उड्या न मारता नुसतं खिडकीबाहेर बघत बसणारेही त्यात असतात. आम्हा मुलींचं बऱ्याचदा असंच होतं. त्रास देत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, आणि लक्षात येईपर्यंत आम्ही मोठ्या झालेल्या असतो.

मोठेपणी निदान करायचे नियम आहेत. डॉक्टर वापरतात त्या डीएसएम पुस्तिकेच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीप्रमाणे सतरा वर्षांवरच्या माणसात अवधानाच्या किंवा अतिचंचलतेच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच हवीत, ती सहा महिने तरी टिकलेली हवीत, आणि एकाच ठिकाणी नव्हे तर दोन ठिकाणी, म्हणजे घरी आणि कॉलेजात, दिसायला हवीत. शिवाय त्यांतली बरीचशी वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असायला हवीत. यासाठी रक्ततपासणी नाही, एमआरआय नाही. कुठलंही मशीन हे निदान करत नाही. डॉक्टरांनी बसायचं, विचारायचं, ऐकायचं. लागतो तो फक्त वेळ. आणि मित्रांनो, सगळ्यात महाग तोच आहे.

माझी पहिली अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनंतरची मिळाली. ती मी विसरले. हसू नका! पुन्हा तीन आठवडे. विसरभोळ्या माणसाला तारखा पाळायला, फॉर्म भरायला, जुने कागद जपायला सांगायचं, हे म्हणजे पाय मोडलेल्याला क्ष-किरण काढायला चौथ्या मजल्यावर जिन्याने पाठवण्यासारखं आहे.

मग डॉक्टर म्हणाले, घरच्यांना आणा. अण्णा फोनवर म्हणाले, "आपल्यात असलं काही नसतं." आई आली. रानातली कामं टाकून पहाटेच्या एसटीने आली. डॉक्टरांनी विचारलं, "लहानपणी कशी होती?" आई ताठ बसून म्हणाली, "लई शहाणी होती. कुणाला त्रास नाही दिला कधी." मला कळत होतं, ती मला वाचवत होती. उद्या सोयरिकीच्या वेळी कुणी विचारलं तर, हे तिच्या डोक्यात होतं. डॉक्टरांनी घाई केली नाही. अर्ध्या तासाने आई आपणहून म्हणाली, "दळण आणायला धाडली की डबा गिरणीतच ठेवून यायची. दर वेळी." आणि पिशवीतून तिने प्रगतिपुस्तकं काढली. ट्रंकेत जपून ठेवली होती. ज्या शेऱ्याने मला दहा वर्षं छळलं, तोच माझा पुरावा ठरला.

आता हिशोब. पहिली भेट १५०० रुपये. थायरॉइड वगैरे दुसरं काही नाही ना, हे बघायला रक्ततपासणी ९००. मानसशास्त्रज्ञांच्या चाचण्या, तीन बैठका, ७०००. पुढच्या दोन भेटी १६००. आईचं आणि माझं जाणं-येणं १४००. एकूण १२,४००. आमच्या मेसचं बिल महिन्याला ३१००. म्हणजे हे निदान चार महिन्यांच्या जेवणाएवढं! त्यात आईचा बुडालेला रोज धरलेला नाही. तो तिने धरू दिला नाही.

सरकारी दवाखाना आहे की, असं कुणी म्हणेल. आहे, आणि तिथले डॉक्टर चांगले आहेत. मी आधी तिथेच गेले होते. केसपेपर अगदी स्वस्त, पण बाहेर रांग एवढी की माझ्या वाट्याला सहा मिनिटं आली. तिथे झोप न लागणारे, कानात आवाज ऐकू येणारे, आत्महत्येतून वाचलेले बसलेले असतात. त्यांच्यापुढे 'माझं लक्ष लागत नाही' म्हणायची मलाच लाज वाटली. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात लाख लोकांमागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत. पाऊण डॉक्टर! त्या पाऊण डॉक्टरांनी तासभर कुणाला द्यायचा?

विमा म्हणाल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारालाही इतर आजारांसारखंच विमासंरक्षण द्यायला सांगितलं आहे. पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात, आणि एडीएचडीसाठी कुणी भरती होत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यात अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं नाव नाही. औषधांपैकी मिथाइलफेनिडेट हे शेड्यूल एक्समध्ये येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि परवाना असलेलं दुकान शोधत फिरावं लागतं. हा नियम योग्यच आहे, गैरवापर होतो म्हणून तो आहे. परीक्षेच्या तोंडावर मित्राची गोळी मागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणखी एक. मोबाईलवर दहा प्रश्नांची चाचणी देऊन 'मलाही आहे' म्हणणारे आमच्या मजल्यावरच चार निघाले. असेलही. पण रात्री तीनला झोपून आठच्या लेक्चरला बसलं तर कुणाचंही लक्ष लागत नाही. नैराश्यातही लागत नाही. हा फरक ओळखायला तर डॉक्टर हवा! निदान महाग असलं की लोक दोनच गोष्टी करतात. एकतर स्वतःच शिक्का मारून घेतात, नाहीतर आयुष्यभर स्वतःला आळशी म्हणत राहतात.

मग कॉलेजने काय करावं? कॉलेज पाऊणचा एक डॉक्टर करू शकत नाही. पण वेळ देऊ शकतं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. आपल्याकडे 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी आहे, आत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. ते गठ्ठे हलवा. तिथे बसणाऱ्या व्यक्तीने तासभर ऐकावं, घरच्यांशी फोनवर बोलावं, जुने शेरे गोळा करून दोन पानांचा अहवाल लिहावा आणि तारखेची आठवणही करावी. तो अहवाल घेऊन सरकारी ओपीडीत गेलं, तर तिथल्या सहा मिनिटांतही डॉक्टरांच्या हाती काहीतरी असेल. निदान डॉक्टरच करतील, पण त्याआधीचं ऐकणं इथे होऊ शकतं.

ज्यांना तोवर थांबवत नाही, त्यांनी १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लिहून ठेवावा. २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे. तिथे निदान होणार नाही, पण कुठे जायचं ते कळेल.

आणि सर, मॅडम, तुमच्याकडे एकच मागणं. कच्च्या पानावर गणित बरोबर सोडवून पुढे न उतरवणारी मुलगी दिसली, तर शेरा मारण्याआधी तिला केबिनमध्ये बोलवा. मला एका मॅडमनी बोलावलं, म्हणून आज हे लिहितेय. सगळ्यांनाच चार महिन्यांची मेस परवडणार नाही. निदान एवढं तरी करा.